सुजलेल्या हाताचं माप

बॉलिंगच्या बॉलला भोकं पाडण्याच्या माझ्या धंद्यात एक नियम मी कधीच मोडला नव्हता. सुजलेल्या हाताचं माप घ्यायचं नाही. हाताला घाम असू दे, घट्टे असू दे, चालतं. सूज चालत नाही. सूज उतरते आणि भोक तेवढंच राहतं. मग बॉल सैल बसतो, माणूस तो मुठीने आवळून धरतो, मनगट दुखावतं आणि शिव्या मला पडतात. शिव्या ऐकून घेणं माझ्या रक्तात नाही. माझ्या नाकावर राग असतो, हे हॉलमध्ये बूट देणाऱ्या बाईपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

दुकान म्हणजे बॉल सोडायच्या बारा नंबरच्या लेनमागे एक काचेची खिडकी, एक काउंटर आणि आत ड्रिलचं यंत्र. दिवसभर समोर बॉलने उडवलेल्या लाकडी पिना कोसळत असतात. मला तो आवाज आवडतो. काहीतरी जोरात पडतंय आणि कुणाला लागत नाही, असं जगात फार कमी असतं. घरी माझ्या हातून काही पडायचं तेव्हा लागायचं. अकरा वर्षांपूर्वी मी बायकोचं मनगट मोडलं. ती बाहेर चालली होती, मी दार लावलं, आणि तिचा हात मध्ये आहे हे मला दिसत होतं. सांगणारा कोण आहे ते आधी कळलेलं बरं, म्हणून हे सांगून टाकतो. दवाखान्यात ती म्हणाली, दार लागलं. काय सांगायचं ते मीच तिला रस्त्यात पढवलं होतं. प्लास्टर निघालं त्या दिवशी ती घर सोडून गेली, आणि गावाला तेवढंच कळलं.

क्रेनवाली पहिल्यांदा दुकानात आली ती एका मंगळवारी, लीगचा सामना संपल्यावर. कारखान्याच्या गोदामात छताजवळची क्रेन चालवायची म्हणून सगळे तिला क्रेनवालीच म्हणायचे. वय पस्तिशीचं. आठ महिन्यांपूर्वी कारखान्याच्या संघात माणूस कमी पडला म्हणून तिला ओढून आणलं होतं, आणि पहिल्या दिवशी तिचे निम्मे बॉल कडेच्या पन्हळीत गेले होते. आता हॉलच्या झिजक्या, भाड्याच्या बॉलने ती एका डावात दीडशेच्या आसपास पोचत होती.

"मिस्त्री, मला स्वतःचा बॉल घ्यायचाय," ती म्हणाली. "स्वस्तातला. पण खेळ सुधारेल असा."

"स्वस्त आणि चांगला, दोन्ही एकदम मागणारे रोज चार जण येतात."

"मग त्यांना काय देता?"

"शिव्या."

"त्या घरी मिळतात. बॉल दाखवा."

मला हसू आलं. सहसा येत नाही.

मी तिला वरच्या फळीकडे बघूच दिलं नाही. तिथले चकचकीत बॉल एवढे वळतात की खेळणाऱ्याची चूक झाकून टाकतात, आणि शिकणाऱ्याला आपली चूक दिसायला हवी. खालच्या फळीवरचा साधा प्लास्टिकचा बॉल सरळ जातो, वर्षानुवर्षं टिकतो, पण ती चार महिन्यांत त्याच्या पुढे गेली असती. मधल्या फळीवरून मी एक मळकट निळा बॉल काढला. गेल्या वर्षीचा. खोका एका बाजूने चेपलेला.

"ज्याची जाहिरात संपली तोच आपल्याला परवडतो," मी म्हणालो. "बेताने वळतो. तुम्ही नीट सोडला तर वळेल, नाही तर तोंडावर सांगेल की नीट सोडला नाही."

तिने बारा, तेरा आणि चौदा पौंडाचा, तिन्ही उचलून झुलवून पाहिले. चौदाला खांदा खाली गेला. तेरा पौंडाचा हातात लटकला आणि आपोआप मागेपुढे झाला. "हा," ती म्हणाली. "क्रेनवरसुद्धा असंच असतं. वजन ओढायचं नसतं. ते स्वतःच झोका घेतं, आपण वेळेवर सोडायचं."

वीस वर्षं मी लोकांना हेच घसा फोडून सांगत होतो. मी खूश होऊन मापाची पाटी काढली. या पाटीला एकापेक्षा एक मोठी भोकं असतात. त्यांत अंगठा घालून बघायचं, बेताचं घट्ट होईल ते माप. मी तिचा हात धरायला गेलो तर तिने तो मागे घेतला आणि मग स्वतःच काउंटरवर ठेवला. अंगठ्याचं मूळ काळंनिळं झालं होतं.

"हे काय?"

"दार लागलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या बायकोलाही असंच दार लागायचं."

तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. तिला कळलं. ती काउंटरपासून एक पाऊल मागे झाली, आणि पुढे जितक्या वेळा आली तितक्या वेळा त्याच अंतरावर उभी राहिली.

"आठ दिवसांनी या," मी म्हणालो. कार्डावर तारीख घातली आणि पुढे लिहिलं, सूज.

आठ दिवसांनी ती नवऱ्याबरोबर आली. तो कुलूपवाला. बाजारात त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान, आणि बाजाराच्या संघातला तो सगळ्यात चांगला खेळाडू. त्याच्या सोळा पौंडाच्या बॉलला भोकं मीच पाडून दिली होती, त्याचं कार्डही माझ्याकडे होतं. पुरुषाच्या मानाने बारीक, लांब, स्वच्छ बोटं. बोलणं मऊ. त्याला कुणी कधी आवाज चढवताना ऐकलं नसेल.

"तेरा पौंड?" तो हसत म्हणाला. "मिस्त्री, हा बॉल आहे की दप्तर?" त्याचा हात तिच्या मानेवर होता. तो बोलत होता तेवढा वेळ तिची मान जराही हलली नाही.

त्या दिवशी अंगठ्याची सूज उतरली होती, पण मधलं बोट सुजलं होतं. मी पुन्हा तारीख घातली. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती एकटी आली, आणि अंगठा पुन्हा सुजलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती निघाली कुणावर, तर तिच्यावरच.

"ताई, तुम्हाला बॉल हवाय की नकोय?" मी ओरडलो. "तिसऱ्यांदा आलात! बऱ्या हाताने येता येत नाही का?"

हातात होती ती पाटी मी यंत्रावर आपटली. ती दचकली नाही. मला त्याचीच लाज वाटली. आपटण्याची तिला सवय होती.

"जसा आहे तसाच मोजा," ती म्हणाली. "हा हात असाच असतो."

मग तिने सांगितलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. "तो ओरडत नाही, मिस्त्री. तुमच्यासारखा नाही तो. 'हलू नकोस, दुखेल' असं म्हणतो आणि पिळतो. या वेळी एका डावात मी त्याच्यापेक्षा अकरा गुण जास्त केले होते."

मी नियम मोडला. सुजलेल्या अंगठ्याला बसेल एवढं भोक पाडलं. निळ्या भुशाचा ढीग पायाशी पडला आणि जळक्या राळेचा वास दुकानभर पसरला. मग मी तिला कापडी चिकटपट्टीची एक गुंडाळी आणि एक बारीक चिमटा दिला. सूज नसेल त्या दिवशी भोकाच्या आतल्या बाजूला पट्टीचे तुकडे लावायचे. एका तुकड्याने भोक एका केसाइतकं आवळतं. सगळेच खेळाडू एखाददुसरा तुकडा लावतात, हवामान बघून. तिला घर बघून लावावे लागणार होते.

त्यानंतर मंगळवार आला की माझा जीव त्या पट्ट्यांमध्ये अडकायचा. चार वाजता ती बाकावर बसून बॅगेतून बॉल काढायची, चिमट्याने तुकडे लावायची किंवा काढायची, आणि मी खिडकीतून मोजायचो. दोन तुकडे म्हणजे बरा आठवडा. तीन लागले त्या दिवशी ती एकशे सत्तरवर गेली. एकही नसला की मला आत काम सुचायचं नाही. एका ग्राहकाचं भोक मी वाकडं पाडलं आणि वर त्यालाच झापलं.

एका मंगळवारी तिने होता तो एकुलता एक तुकडासुद्धा काढून टाकला, आणि तरीही अंगठा आत जाईना. ओठ दाताखाली धरून ती तो घालत राहिली, खेळली, आणि प्रत्येक बॉल सोडताना तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघत होता. संघाचा फोरमन पिनांकडे बघत होता. सगळेच पिनांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान बंद ठेवून बाजारात गेलो. कुलूपवाला एकटाच होता. मी एक शब्द न बोलता त्याची कॉलर धरली आणि त्याला मागच्या फळीवर आपटलं. खिळ्यांना टांगलेल्या शेकडो किल्ल्या आमच्या अंगावर पडल्या. मी त्याच्या पोटात गुडघा मारला. तो वाकला, मी केस धरून त्याला सरळ केलं आणि तोंडावर ठोसा दिला. ओठ फाटला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अकरा वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

त्याने हात उचललाच नाही. रक्त रुमालाने टिपलं आणि त्याच मऊ आवाजात विचारलं, "मिस्त्री, तुमची बायको कुठे असते हल्ली?"

माझा हात आपोआप खाली आला. मी किल्ल्या तुडवत बाहेर पडलो.

पुढच्या मंगळवारी ती आली ती बॉल न घेता. डावा कान सुजून गालापर्यंत आला होता. "तुम्ही त्याला एक मारलीत," ती म्हणाली. "मला त्याने मोजून परत केल्या. तुमचा राग तुमच्याजवळ ठेवा, मिस्त्री. मला त्याचा काही उपयोग नाही."

मी काउंटर पुसत बसलो.

त्याच आठवड्यात ती घर सोडून तिच्या आक्काकडे गेली. थोरली बहीण, एकटी, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. हे मला फोरमनने सांगितलं. कुलूपवाला पहिल्याच दिवशी तिथे पोचला. आक्काने दार उघडलं नाही, तर त्याने ते तारेच्या तुकड्याने उघडलं, आत जाऊन खुर्चीवर बसला आणि म्हणाला, चल. आक्काने उकळत्या पाण्याचं भांडं उचललं तेव्हा कुठे उठला. नवीन कुलूप बसवलं, तेही त्याने दोन दिवसांत उघडलं. मग आक्काने सुताराकडून दाराला आतून आडवा लाकडी अडसर बसवून घेतला. त्याला किल्ली नाही, भोक नाही, काही नाही. त्याच्यापुढे मात्र कुलूपवाल्याचं काही चालेना. पण ती मंगळवारी चार वाजता कुठे सापडेल हे त्याला ठाऊक होतं, आणि तीन आठवड्यांनी कारखान्याचा सामना बाजाराच्याच संघाशी होता.

"नका खेळू," मी त्या दिवशी तिला म्हणालो.

"हा एकच बॉल माझ्या मापाचा आहे," ती म्हणाली. "आणि ही एकच जागा. दोन्ही त्याला देऊ?"

बाकावर बसून तिने चिमटा काढला. मी खिडकीतून मोजत होतो. तीन. चार. पाचवा तुकडा लावून तिने अंगठा घालून पाहिला आणि मान हलवली. सहावा लावला. तीन आठवडे त्या हाताला कुणी पिळलं नव्हतं. तिचा खरा अंगठा केवढा आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

काय खेळली ती! खांदा सैल, हात लटकलेला, बॉल पायाजवळून निघायचा, लेनच्या मध्यापर्यंत सरळ जायचा आणि मग जणू काही आठवल्यासारखा आत वळायचा. कुलूपवालाही चांगला खेळत होता, हसत होता, एका बॉलमध्ये सगळ्या पिना पाडणाऱ्या तिच्या प्रत्येक स्ट्राइकला टाळ्या वाजवत होता. शेवटच्या डावात ती दोनशे चारवर संपली. तो एकशे नव्वदवर. फोरमनने तिला उचलायचंच बाकी ठेवलं.

ती बॉल परत येतो त्या यंत्रापाशी गेली. तिथे हात सुकवायला गार हवेचा झोत असतो. उजवा हात तिने झोताखाली, लोखंडी कठड्यावर पसरून ठेवला. तिचा निळा बॉल गडगडत वर आला. कुलूपवाला पलीकडून पुढे झाला.

"मी देतो ना," तो म्हणाला, आणि बोटं भोकांत घालून त्याने बॉल उचलला.

घरी तो बॉल त्याने बऱ्याचदा हाताळला होता. तेव्हा भोकात एखादाच तुकडा असायचा, आणि त्याच्या बारीक अंगठ्यावरून बॉल सहज निसटायचा. तो त्याच हिशोबात होता. बॉल उचलायचा, तिच्या हातावर आणायचा आणि निसटू द्यायचा. तेरा पौंड, खाली लोखंड, मध्ये तिची बोटं. बारा माणसांदेखत अपघात. मग पुन्हा तो हात बॉलमध्ये जाणार नाही, क्रेनच्या दांड्यावरही नाही. अंगठा आत जाताना त्याला घट्ट लागलं असणार, पण त्याने तो रेटला. मी खिडकीतून ओरडलो. बॉल त्याच्या कानाइतका वर गेला होता.

तिने हात ओढून घेतला. बॉल खाली आला, पण निसटला नाही. सहा पट्ट्यांनी अंगठा पकडून ठेवला होता. बॉलबरोबर तोही खाली आला, बॉल कठड्यावर आपटून बाजूला फिरला आणि अंगठा मुळापासून उलटा झाला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज मला काचेतून ऐकू आला. मग तो किंचाळला. नऊ वर्षांत न चढलेला त्याचा आवाज सगळ्या हॉलने ऐकला. तो जमिनीवर पडला होता आणि बॉल हाताला लटकून होता. तो हलला की बॉल गडगडायचा, आणि बॉल गडगडला की तो किंचाळायचा.

मी हातोडी घेऊन धावलो होतो. कशासाठी, ते विचारू नका. बॉल फोडायला म्हणून घेतली असं मी नंतर पोलिसांना सांगितलं.

"मिस्त्री, तिथेच थांबा," ती म्हणाली.

मी थांबलो. सगळेच थांबले. मॅनेजर फोनवर रुग्णवाहिका मागवत होता. कुलूपवाला माझ्याकडे बघून ओरडत होता, "कापा! मिस्त्री, बॉल कापा!"

"बॉल कापायचा नाही," ती म्हणाली. "माझा आहे."

ती बाकापाशी गेली, बॅगेतून चिमटा काढला आणि त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. डाव्या हाताने बॉल जमिनीवर दाबून धरला. फुगत चाललेला अंगठा आणि भोकाची कड यांच्या मधल्या फटीत तिने चिमट्याचं टोक घातलं. तो पाय झाडायला लागला.

"हलू नकोस," ती मऊपणे म्हणाली. "दुखेल."

आणि तिने पहिला तुकडा ओढला.

मी आयुष्यात बरंच काही केलंय, पण तेवढा वेळ मला तिथे बघवेना. तरी बघितलं. ती घाई करत नव्हती. एक तुकडा काढायची, फरशीवर चिकटवायची, पुन्हा चिमटा आत घालायची. चौथ्या तुकड्याला तो रडत तिचं नाव घेत होता. सहावा निघाला तेव्हा अंगठा आपोआप बाहेर आला, न ओळखण्यासारखा. तिने बॉल उचलला, बाहीने पुसला आणि बॅगेत ठेवला. फरशीवर सहा मळकट पट्ट्या एका ओळीत चिकटलेल्या होत्या. मग तिला भडभडून ओकारी आली आणि फोरमनने तिला धरून बाहेर नेलं.

पोलीस आले तेव्हा तो म्हणाला, बॉल निसटला. निसटलेला बॉल हातातच कसा राहिला, हे त्याला सांगता येईना. या वेळी बारा जणांनी पिनांकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि बाराही जणांनी तसं लिहून दिलं.

महिन्याभराने, दुपारी हॉल रिकामा असताना, ती बॉल घेऊन आली. "हे भोक बुजवा," ती म्हणाली. "नवीन पाडा. आता पट्ट्या लावायच्या नाहीत मला."

मी पाटी काढून काउंटरवर ठेवली आणि मागे सरकलो. तिने स्वतः अंगठा घालून माप शोधलं. जुन्या भोकापेक्षा कितीतरी लहान. मी जुनं कार्ड काढलं. तीन तारखा, तीनदा सूज. ते तिने मागून घेतलं, खटल्यात लागेल म्हणून. मी नवीन कार्डावर माप लिहिलं आणि बॉल यंत्रात आवळला.

"मिस्त्री," ती म्हणाली. ती त्याच अंतरावर उभी होती, एक पाऊल मागे. "तुमची बायको परत आली का हो कधी?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली.

मी यंत्राची पकड एकदा तपासली. मग म्हणालो, "हो," आणि ड्रिल सुरू केलं.